संघटना उभी करणे, नोंदवणे आणि पक्षापर्यंत नेणे: या वाटेने पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी

संघटना काढायची म्हणून सल्ला विचारायला येणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या हातात लेटरहेडचा नमुना आणि बोधचिन्ह तयार असते. सभासदांची यादी मात्र नसते. मीही अशीच सुरुवात केली होती. आमच्या गावात नळाला आठवड्यातून दोनदा पाणी येत असे, त्याविरुद्ध आम्ही अकराजण एकत्र आलो आणि पहिल्या महिन्याभरातच शिक्का करून घेतला. पुढे त्या संस्थेची नोंदणी, तिच्यातले वाद, नंतर दुसरी संस्था आणि बऱ्याच वर्षांनी एका नव्या राजकीय पक्षाचा निवडणूक आयोगाकडचा अर्ज, या सगळ्यांत मी कागद लिहिणारा म्हणून होतो. पक्षाचा पहिला अर्ज मुदत टळल्यामुळे वाया गेला. त्या चुकीचे कारण पुढे सविस्तर दिले आहे, कारण ती चूक सहज होण्यासारखी आहे.

हा लेख महाराष्ट्रात संघटना बांधू पाहणाऱ्यांसाठी आहे. संघटना करण्याचा हक्क संविधानाच्या कलम १९(१)(ग) ने प्रत्येक नागरिकाला दिला आहे आणि त्यासाठी नोंदणीची अट नाही. नोंदणी लागते ती संस्थेच्या नावाने बँक खाते उघडण्यासाठी, मालमत्ता घेण्यासाठी, देणग्या स्वीकारण्यासाठी आणि पक्ष असेल तर पक्ष म्हणून निवडणूक लढवण्यासाठी. हा फरक लक्षात ठेवला तर पहिले सहा महिने धावपळ न करता काढता येतात, आणि ते तसेच काढावेत असे माझे मत आहे.

१. कोणासाठी आणि कोणाच्या वतीने, हे आधी ठरवा

पुण्याच्या सार्वजनिक सभेचा दाखला मी नेहमी देतो. २ एप्रिल १८७० रोजी स्थापन झालेली ही सभा पर्वती देवस्थानाच्या कारभाराविषयीच्या तक्रारींतून जन्माला आली, म्हणजे सुरुवात अगदी स्थानिक प्रश्नापासून झाली. परंतु गणेश वासुदेव जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अट घातली: सभासद होऊ इच्छिणाऱ्याने किमान पन्नास प्रौढ व्यक्तींच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे. त्यामुळे सुरुवातीच्या ९५ सभासदांच्या पाठीशी सुमारे ६,००० लोकांच्या सह्या होत्या. तुम्ही कोणाच्या वतीने बोलता, असे सरकारने विचारले तर दाखवायला कागद होता.

आज मुखत्यारपत्राची गरज नाही, पण प्रश्न तोच आहे. एका कोऱ्या कागदावर तीन गोष्टी लिहा: आपण कोणत्या लोकांसाठी काम करणार, त्यांचा कोणता प्रश्न घेणार आणि तो सोडवण्याचे अधिकार कोणाकडे आहेत. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नगरपालिका असेल तर तुम्हाला जनसंघटना लागेल. मालक असेल तर कामगार संघटना. बाजार असेल तर कदाचित सहकारी संस्था. कायदाच बदलायचा असेल तर पक्षाचा विचार करता येतो, तोही नंतर. ‘समाजाचा सर्वांगीण विकास’ असे उत्तर येत असेल तर कागद बाजूला ठेवून आणखी पंधरा दिवस लोकांशी बोलावे.

२. पहिली बैठक आणि इतिवृत्ताची वही

पहिल्या बैठकीला किती माणसे आली यापेक्षा त्या बैठकीची नोंद कशी झाली याला पुढे जास्त महत्त्व येते. पक्क्या बांधणीची, पानांवर छापील क्रमांक असलेली वही घ्या. तारीख, वेळ, जागा, उपस्थितांची नावे व सह्या, ठराव मांडणारा सूचक, त्याला दुजोरा देणारा अनुमोदक आणि मतांची संख्या, एवढे प्रत्येक ठरावाखाली आले पाहिजे. ‘चर्चेअंती सर्वानुमते मंजूर’ हे वाक्य वापरायला सोपे असते, परंतु विरोध झाला असेल तर विरोध करणाऱ्याचे नाव लिहा. त्याला तेच हवे असते, आणि पुढे आपली नोंद झालीच नाही अशी तक्रार त्याला करता येत नाही.

आमच्या वहीत एका ठरावानंतर अर्धे पान मोकळे राहिले होते. दोन वर्षांनी वाद पेटला तेव्हा त्या मोकळ्या जागेत, वरच्या निळ्या शाईखाली काळ्या शाईने, अध्यक्षांना खात्यावर एकट्याने सही करण्याचा अधिकार देणाऱ्या दोन ओळी सापडल्या. त्या कोणी लिहिल्या हे शेवटपर्यंत सिद्ध झाले नाही. बैठकीला हजर असलेल्या नऊजणांना असा ठराव आठवत नव्हता आणि दोघांना तो स्पष्ट आठवत होता. तेव्हापासून मी ठराव संपला की उरलेल्या जागेवर तिरकी रेघ मारतो आणि रेघेखाली अध्यक्ष व सचिव या दोघांची सही घेतो. पुढच्या बैठकीचे पहिले काम मागील इतिवृत्त वाचून कायम करणे हेच असले पाहिजे. ते काम ‘वेळेअभावी’ पुढे ढकलू नका.

वहीबरोबर आणखी दोन वह्या पहिल्या दिवसापासून ठेवा: सभासद नोंदवही आणि पावती पुस्तक. वर्गणी दहा रुपये असली तरी पावती फाडावी. फुकट सभासद केलेली माणसे निवडणुकीच्या सभेला येतात आणि श्रमदानाच्या दिवशी येत नाहीत, हा अनुभव माझ्या एकट्याचा नसावा.

३. नोंदणीचा साचा निवडा

येथे घाई करू नये, कारण एकदा निवडलेला साचा बदलणे अतिशय त्रासाचे असते. नवशिक्यांसमोर साधारणपणे चार वाटा असतात.

संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली किमान सात व्यक्ती मिळून संस्था नोंदवू शकतात. अशी संस्था धर्मादाय हेतूची असेल तर महाराष्ट्रात तिला महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खालीही नोंदवावे लागते, म्हणजे प्रमाणपत्रे दोन आणि क्रमांकही दोन. कामगार संघटनेच्या अर्जासाठीही किमान सात जण लागतात, पण त्याशिवाय आस्थापनेतील किंवा उद्योगातील दहा टक्के किंवा १०० कामगार, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे सभासद असावे लागतात. सहकारी संस्थेसाठी वेगवेगळ्या कुटुंबांतील किमान दहा व्यक्ती लागतात. राजकीय पक्षाचा मार्ग पूर्णपणे वेगळा असून तो भारत निवडणूक आयोगाकडे जातो.

आपले काम यांपैकी कोणत्याच चौकटीत बसत नाही असे वाटले तर गोंधळून जाऊ नका. अहमदाबादेत इला भट्ट यांनी १९७२ मध्ये स्वयंरोजगार करणाऱ्या स्त्रियांची ‘सेवा’ ही संघटना कामगार संघटना म्हणून नोंदवायला नेली, तेव्हा या बायकांना मालकच नाही, मग त्या भांडणार कोणाशी, अशी हरकत निघाली. संघटना मालकाविरुद्ध असावीच असे नाही, ती कामगारांच्या एकीसाठीही असते, असा युक्तिवाद करून त्यांनी त्याच वर्षी नोंदणी मिळवली. कार्यालयातील पहिला नकार अंतिम मानू नये. मात्र तो नकार लेखी मागून घ्यावा.

सार्वजनिक न्यास (विश्वस्त व्यवस्था, म्हणजे ट्रस्ट) म्हणून नोंदलेल्या संस्थेचा पैसा, जागा किंवा गाडी निवडणुकीच्या प्रचारासाठी वापरता येत नाही. पुढे कधीतरी पक्ष करण्याचा विचार मनात असेल तर हे आजच सर्वांना स्पष्ट सांगा.

४. घटना लिहिताना

आपल्याकडे घटना म्हणून जे फिरते ते बहुधा दुसऱ्या कोणत्यातरी संस्थेच्या नियमावलीचे नाव बदललेले रूप असते. मी पाहिलेल्या एका महिला मंडळाच्या घटनेत ‘व्यायामशाळेतील साहित्याची देखभाल’ हे कलम होते. नमुना जरूर वापरा, पण खालील मुद्दे स्वतः बसून लिहा.

सभासदत्व: सभासद कोण होऊ शकतो, अर्ज कोण मंजूर करतो, नाकारल्यास दाद कोणाकडे मागायची, वर्गणी किती महिने थकली तर मताधिकार जातो. मतदानाचा हक्क ठरवणारी एक तारीख घटनेतच द्या, उदाहरणार्थ ३१ मार्चअखेर वर्गणी भरलेले सभासद. ही तारीख नसेल तर निवडणुकीच्या आदल्या आठवड्यात साठ नवे सभासद उगवतात.

सभा: सूचना किती दिवस आधी द्यायची आणि कोणत्या मार्गाने, गणपूर्ती (सभेला लागणारी किमान उपस्थिती) किती, गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास ती पुन्हा केव्हा आणि कोणत्या अटीवर घ्यायची. गणपूर्ती एकूण सभासदांच्या निम्मी ठेवण्याचा मोह टाळा. तीनशे सभासदांच्या संस्थेत दीडशेजण जमत नाहीत आणि मग प्रत्येक निर्णय तहकूब सभेत होऊ लागतो.

पदाधिकारी: मुदत, लागोपाठ किती वेळा एकच पद घेता येईल, राजीनामा कोणाला द्यायचा, अविश्वास ठराव कसा आणायचा. संस्थापकाला ‘तहहयात अध्यक्ष’ करणारे कलम प्रेमापोटी घातले जाते आणि दहा वर्षांनी तेच न्यायालयात वाचले जाते.

पैसा: खात्यावर अध्यक्ष, सचिव व खजिनदार यांपैकी कोणत्याही दोघांच्या संयुक्त सह्या, आणि त्या दोघांत खजिनदार असलाच पाहिजे. हातात रोख किती ठेवायची याची मर्यादा.

नाव व उद्देशांतील बदल: १८६० च्या कायद्यानुसार उद्देश बदलायचे असतील तर खास सभेत तीन पंचमांश मते लागतात आणि एक महिन्याच्या अंतराने दुसरी सभा घेऊन तेवढ्याच बहुमताने तो बदल कायम करावा लागतो. म्हणून उद्देश पहिल्यांदाच नीट विचारपूर्वक लिहा. फार अरुंद नकोत, पण जगातील प्रत्येक गोष्टही त्यात नको.

५. धर्मादाय कार्यालयातील नोंदणी

तुमच्या जिल्ह्याच्या सार्वजनिक न्यास नोंदणी कार्यालयात, म्हणजे बोलीत ‘धर्मादाय’ला, हे काम होते. आधी नावाची खात्री करा. त्याच जिल्ह्यात तेच किंवा जवळपास तसेच नाव असल्यास अर्ज अडतो, आणि शासनाशी संबंध असल्याचा भास निर्माण करणारी नावेही स्वीकारली जात नाहीत. पर्यायी नावे पसंतीच्या क्रमाने तयार ठेवा.

लागणारे कागद साधारण असे असतात:

• मेमोरँडम, म्हणजे संस्थेचे नाव, पत्ता, उद्देश आणि पहिल्या कार्यकारी मंडळाची नावे, वय, व्यवसाय व पत्ते. त्यावर किमान सात जणांच्या सह्या
• नियमावलीची, म्हणजे घटनेची, प्रत
• संस्था स्थापन करण्याच्या सभेच्या ठरावाची खरी नक्कल
• सर्व सदस्यांचे संमतीपत्र आणि नोंदणीचे काम पाहणाऱ्याच्या नावे अधिकारपत्र
• प्रतिज्ञापत्र
• ओळख व पत्त्याचे पुरावे, तसेच कार्यालयाच्या जागेच्या मालकाचे ना हरकत पत्र आणि वीजबिल

संस्थेचे प्रमाणपत्र मिळाले की काम संपले असे समजू नका. न्यास म्हणून नोंदणीचा अर्ज तीन महिन्यांच्या आत करायचा असतो. तो मंजूर झाला की परिशिष्ट १ चा उतारा मिळतो. विश्वस्त कोण, मालमत्ता कोणती, हे सर्व बँकेसह प्रत्येकजण त्या उताऱ्यावरून तपासतो.

सर्वाधिक अर्ज नावांच्या विसंगतीमुळे परत येतात. आधारवर ‘सुरेश रामचंद्र’, मेमोरँडमवर ‘सुरेश आर.’ आणि सही इंग्रजीत ‘एस. आर.’ असे असेल तर त्रुटी निघणारच. मी एक साधी युक्ती करतो: सर्वांची नावे आधार कार्डावरून एका कागदावर उतरवून घेतो आणि प्रत्येक कागदावर केवळ तिथूनच नक्कल करतो.

६. नोंदणीनंतरची कामे, जी बहुतेकजण विसरतात

कार्यकारी मंडळ बदलले, विश्वस्ताचे निधन झाले, पत्ता बदलला, मालमत्ता घेतली किंवा विकली, तर बदल झाल्यापासून ९० दिवसांच्या आत १९५० च्या कायद्याच्या कलम २२ खाली फेरफार अर्ज द्यावा लागतो. कार्यालयात याला सर्रास ‘चेंज रिपोर्ट’ म्हणतात. आमच्या संस्थेत तीन निवडणुका झाल्या आणि एकाही निवडणुकीचा फेरफार अर्ज दिला गेला नाही, कारण प्रत्येक नव्या सचिवाला ते काम आधीच्या सचिवाने केले असेल असे वाटले. परिणामी नऊ वर्षांनीही परिशिष्टावर पहिलेच मंडळ होते. त्यांपैकी दोघे वारले होते, एक परगावी गेला होता, आणि राहिलेल्यांनी बँकेत जाऊन कायदेशीर विश्वस्त आम्हीच आहोत असे लेखी दिल्यावर बँकेने खाते गोठवले. तिन्ही अर्ज विलंब माफीच्या विनंतीसह एकामागोमाग एक मंजूर करून घ्यायला आम्हाला दोन वर्षांहून अधिक काळ लागला, आणि तेवढे दिवस विजेचे बिलही वर्गणी काढून भरावे लागले.

त्याशिवाय दरवर्षी लेखापरीक्षण करून अहवाल सादर करणे आणि पॅन काढून विवरणपत्र भरणे ही कामे सनदी लेखापालाकडे सोपवून मोकळे व्हावे.

७. पक्ष करावा का?

संघटना मोठी झाली की कोणीतरी म्हणतोच: ‘आता आपणच उभे राहू.’ या टप्प्यावर थोडे थांबून मागे पाहणे उपयोगी पडते. संयुक्त महाराष्ट्र समिती ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात स्थापन झाली. एकमेकांशी न पटणारे पक्ष एका मागणीसाठी तिच्यात एकत्र आले, १९५७ च्या निवडणुकीत त्यांनी मोठे यशही मिळवले, आणि १ मे १९६० रोजी राज्य झाल्यावर समितीला एकत्र धरून ठेवणारी गोष्टच उरली नाही. काहीजण याला समितीचे अपयश म्हणतात. मला तसे वाटत नाही. ज्या कामासाठी ती होती ते काम झाले. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेची गोष्ट निराळी. कांदा, ऊस, कापूस यांच्या भावासाठी रस्त्यावर लाखो माणसे आणणाऱ्या या संघटनेतून १९९४ मध्ये स्वतंत्र भारत पक्ष निघाला, परंतु आंदोलनातील गर्दीचे रूपांतर मतांत झाले नाही. भावाच्या मागणीवर एकत्र येणारा शेतकरी मतदानाच्या दिवशी आपल्या गावातील गट, जात आणि जुना पक्ष घेऊन केंद्रावर जातो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ही विभागणी ज्या पद्धतीने केली ती नवशिक्यांनी अभ्यासावी. २० जुलै १९२४ रोजी स्थापन केलेली बहिष्कृत हितकारिणी सभा ही सामाजिक संस्था होती आणि ती १८६० च्याच कायद्याखाली नोंदवलेली होती. १९३५ च्या कायद्यानुसार प्रांतिक निवडणुका होणार हे दिसल्यावर त्यांनी १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष काढला. १९४२ मध्ये नागपुरात शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन उभे राहिले आणि शिक्षणासाठी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी ही पुन्हा वेगळी संस्था झाली. रिपब्लिकन पक्ष त्यांच्या निधनानंतर, ३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपुरातच स्थापन झाला. प्रत्येक कामाला वेगळे भांडे, वेगळी घटना, वेगळा हिशेब. पक्षाचे काही बरेवाईट झाले तरी शाळा-महाविद्यालये चालू राहतात, हा याचा व्यवहारातला अर्थ.

तेव्हा पक्ष काढायचा ठरलाच तर जुनी संस्था बंद करून तिचा पक्ष करू नका. तिला तिचे काम करू द्या. पक्ष नव्याने, वेगळ्या घटनेने, वेगळ्या खात्याने आणि शक्यतो वेगळ्या पदाधिकाऱ्यांनी उभा करा.

८. निवडणूक आयोगाकडे अर्ज

लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम २९ए खाली, पक्ष स्थापन झाल्याच्या तारखेपासून ३० दिवसांच्या आत अर्ज नवी दिल्लीतील निर्वाचन सदनात पोचला पाहिजे. आमची चूक येथे झाली. आम्ही एका मेळाव्यात पक्षाची घोषणा केली, घटना मात्र तीन आठवड्यांनी झालेल्या प्रतिनिधी सभेत मंजूर केली, आणि स्थापनेची तारीख म्हणून अर्जात मेळाव्याची तारीख लिहिली, कारण ती एका थोर पुरुषाची जयंती होती आणि लोकांच्या लक्षात राहिली असती. शंभर प्रतिज्ञापत्रे गोळा होईपर्यंत चाळीस दिवस उलटले. अर्ज मुदतबाह्य ठरला आणि सभा पुन्हा घेऊन सर्व कागद नव्या तारखेने करावे लागले. म्हणून क्रम उलटा ठेवा: आधी शंभर माणसे आणि घटनेचा मसुदा तयार करा, मतदार यादीतील उतारे जमवा, आणि मगच स्थापना सभा घ्या. प्रतिज्ञापत्रे त्याच आठवड्यात करून घ्या. जयंतीला जाहीर सभा अवश्य घ्या, फक्त तिला स्थापना म्हणू नका.

अर्जासोबत मुख्यतः हे लागते:

• पक्षाच्या लेटरहेडवर टंकलिखित अर्ज, अध्यक्ष किंवा सरचिटणीस यांच्या सहीने. त्यात पक्षाचे नाव, मुख्यालय, पदाधिकारी, सभासदसंख्या आणि स्थानिक शाखांची माहिती
• १०,००० रुपयांचा डिमांड ड्राफ्ट. ही रक्कम परत मिळत नाही
• पक्षाच्या घटनेची प्रत, प्रत्येक पानावर सही व शिक्का
• किमान १०० सभासद नोंदणीकृत मतदार असल्याचे दाखवणारे ताज्या मतदार यादीतील उतारे
• पक्षाचा कोणताही सभासद दुसऱ्या नोंदणीकृत पक्षाचा सभासद नसल्याचे अध्यक्ष किंवा सरचिटणिसाचे प्रतिज्ञापत्र
• त्याच आशयाची किमान १०० सभासदांची स्वतंत्र प्रतिज्ञापत्रे
• पक्षाच्या नावाने पॅन व बँक खाते असल्यास त्याचा तपशील

घटनेत एक कलम कायद्यानेच बंधनकारक केले आहे: पक्ष भारताच्या संविधानाशी तसेच समाजवाद, धर्मनिरपेक्षता व लोकशाही या तत्त्वांशी खरी श्रद्धा व निष्ठा बाळगील आणि भारताचे सार्वभौमत्व, एकता व एकात्मता उन्नत राखील. हे कलम स्वतःच्या शब्दांत लिहू नका. कायद्यातील शब्दरचना जशीच्या तशी घ्या. त्याखेरीज सर्व स्तरांवर ठरावीक मुदतीने, पाच वर्षांपेक्षा अधिक अंतर न पडता अंतर्गत निवडणुका घेण्याची तरतूद, विलीनीकरण व विसर्जनाची पद्धत, आणि नोंदणीनंतर पाच वर्षांच्या आत निवडणूक लढवण्याची हमी आयोगाला हवी असते. अध्यक्षाला नकाराधिकार देणारी घटना आयोग मान्य करत नाही.

शंभराची अट आहे म्हणून शंभरच प्रतिज्ञापत्रे पाठवण्याची चूक करू नका. आमच्या यादीतील तिघांना आपण पूर्वी एका पक्षाच्या सभासद मोहिमेत मोबाईलवरून सभासद झालो होतो हे आठवतही नव्हते. एकशे पंचवीस ते एकशे तीस गोळा करावीत, आणि प्रत्येकाला सही करण्यापूर्वी हा प्रश्न तोंडी विचारावा.

९. जाहीर सूचना आणि प्रतीक्षा

कागद तपासल्यावर आयोग पक्षाचे प्रस्तावित नाव दोन राष्ट्रीय आणि दोन स्थानिक दैनिकांत, दोन दिवस प्रसिद्ध करायला सांगतो. त्यावर हरकत घेण्यासाठी ३० दिवसांची मुदत असते. जाहिरातींचा खर्च अर्जाच्या शुल्कापेक्षा कितीतरी जास्त होतो, तो अंदाजपत्रकात आधीच धरा. अर्जाची स्थिती आयोगाच्या संकेतस्थळावर पाहता येते, त्यासाठी अर्जात मोबाईल क्रमांक व ईमेल द्यावा लागतो. तो कार्यकर्त्याचा खासगी न देता पक्षाचा द्या.

१०. चिन्ह, एबी फॉर्म आणि एक नेहमीचा गैरसमज

नोंदणी आणि मान्यता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नोंदणी झालेला पक्ष ‘नोंदणीकृत अमान्यताप्राप्त’ असतो. त्याला राखीव चिन्ह मिळत नाही. मुक्त चिन्हांच्या यादीतून सर्व उमेदवारांसाठी एकच चिन्ह मिळावे म्हणून १९६८ च्या चिन्ह आदेशाखाली वेळेत अर्ज करता येतो, त्याच्या अटी आधी वाचून घ्याव्यात. राज्य पक्षाची मान्यता मिळण्याचे अनेक निकष आहेत. त्यांपैकी एक म्हणजे विधानसभा निवडणुकीत राज्यातील वैध मतांपैकी किमान सहा टक्के मते आणि दोन आमदार. दुसरा निकष एकूण जागांच्या तीन टक्के किंवा तीन जागा, यांपैकी जे अधिक असेल ते. महाराष्ट्राच्या २८८ जागांत हा आकडा नऊ होतो.

अमान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला उमेदवारी अर्जावर सही करणारे दहा सूचक लागतात, मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक. अनामत विधानसभेसाठी १०,००० आणि लोकसभेसाठी २५,००० रुपये असून अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना ती निम्मी आहे. एबी फॉर्मवर, म्हणजे हाच आमचा अधिकृत उमेदवार असे पक्ष लिहून देतो त्या कागदांवर, सही करण्याचा अधिकार कोणाला, हे घटनेत आणि ठरावात नसेल तर शेवटच्या दिवशी एकाच मतदारसंघात दोन उमेदवार दोन फॉर्म घेऊन निवडणूक निर्णय अधिकाऱ्यासमोर उभे राहतात.

गैरसमज असा की, एकदा दिल्लीत नोंदणी झाली की ग्रामपंचायतीपासून संसदेपर्यंत सर्वत्र चालते. जिल्हा परिषद, नगरपालिका, महानगरपालिका यांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो आणि तेथे वेगळी नोंदणी करावी लागते.

११. देणग्या आणि हिशेब

२,००० रुपयांपेक्षा मोठी देणगी रोखीने घेऊ नये. घेतल्यास आयकरातील सवलत धोक्यात येते. २०,००० रुपयांपेक्षा अधिक देणाऱ्यांची माहिती दरवर्षी आयोगाला कळवावी लागते. परदेशी स्रोताकडून आणि सरकारी कंपन्यांकडून पैसा घेण्यास मनाई आहे. देणगीदाराच्या पावतीवर पॅन आणि पूर्ण पत्ता असलाच पाहिजे. ‘एक हितचिंतक’ ही नोंद कीर्तनाच्या वर्गणीला शोभते, पक्षाच्या वहीत ती चालत नाही.

नोंदणी करून पक्ष कपाटात ठेवण्याची सवय आता महागात पडू लागली आहे. २०१९ पासून एकही निवडणूक न लढवलेले आणि पत्त्यावर न सापडणारे ३३४ पक्ष आयोगाने ऑगस्ट २०२५ मध्ये यादीतून काढले आणि सप्टेंबरमध्ये आणखी ४७४. पत्ता बदलला तर आयोगाला तातडीने कळवा आणि कळवल्याची पोच जपून ठेवा.

१२. थांबायचे झाल्यास

सर्वच संघटना कायम चालत नाहीत, आणि ज्या चालत नाहीत त्या रीतसर बंद कराव्यात. संस्थेच्या विसर्जनासाठी तीन पंचमांश सभासदांचा ठराव लागतो. देणी भागवून उरलेली मालमत्ता सभासदांना वाटून घेता येत नाही, ती समान उद्देशाच्या दुसऱ्या संस्थेकडे जाते. पक्षाच्या बाबतीत घटनेतील विसर्जनाच्या कलमाप्रमाणे ठराव करून त्याची प्रत आयोगाला पाठवावी. विसर्जनाच्या ठरावातच बँक खाते कोण बंद करणार, शिल्लक रकमेचा डिमांड ड्राफ्ट कोणाच्या नावे निघणार, शिक्का कोणासमोर मोडला जाणार आणि इतिवृत्ताच्या वह्या, सभासद नोंदवही व पावती पुस्तके कोणाच्या ताब्यात राहणार हे नावानिशी लिहावे, आणि त्या व्यक्तीकडून ताबा पावतीवर त्याच सभेत सही घ्यावी.